हुतात्मा स्मारकावर रंगीत दिवे लावण्यापूर्वी : नगर परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी
आणि हुतात्मा स्मारक सुशोभीकरण समितीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावातील हुतात्मा स्मारकाच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव नगर परिषदेच्या सर्वसाधारण सभेत ऐनवेळच्या विषयांत मंजूर झाला, पाठोपाठ निविदा निघाली आणि येत्या 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, लोकार्पण करायचे असेही ठरले. माहितीच्या अधिकारात मागवलेले आराखडे, अंदाजपत्रक आणि सभेचे इतिवृत्त मी बारकाईने वाचले. ते वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही. हे पत्र आपल्याला उद्देशून आहे. परंतु स्मारक गावाचे असल्यामुळे ते गावानेही वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

या विषयाशी माझा संबंध दोन बाजूंनी येतो. स्मारकातील काळ्या पाषाणाच्या शिळेवर ज्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत माझ्या आजीचे थोरले बंधू आहेत. 1948 च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, हल्ल्यात ते मारले गेले. आजी त्या वेळी लहान होती आणि सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पातील माणसांसाठी भाकरी नेणाऱ्या बायकांबरोबर जात असे. दुसरे म्हणजे संग्रहालयांची आणि प्रदर्शनांची रचना, विशेषतः त्यांतील प्रकाशयोजना, हाच माझा व्यवसाय आहे. त्यामुळे आराखड्यातील प्रत्येक दिवा, प्रत्येक भिंत आणि प्रत्येक फलक पाहताना मला दोन प्रश्न पडत गेले. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे का, हा एक. आणि यातून त्या माणसांविषयी नेमके काय सांगितले जाणार आहे, हा दुसरा.

आजच्या इमारतीविषयी आधी थोडे सांगायला हवे, कारण ती मोडकळीस आली असून तिच्यात जपण्यासारखे काही नाही, असे प्रस्तावात गृहीत धरलेले आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना घेतलेल्या निर्णयानुसार राज्यभर दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारके साधारण एकाच नमुन्याची उभी राहिली. एकच नकाशा कोकणात आणि मराठवाड्यात सारखाच वापरला गेला, ही त्या योजनेची उणीव होतीच. तरीही आपल्या स्मारकाला काही गुण आहेत. उतरते छप्पर आहे, पुढे ओसरीसारखी सावली आहे, उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर गेला तरी आत बसवते, आणि नावांची शिळा अशा जागी आहे की सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तिरपे ऊन तिच्यावरून सरकते आणि कोरलेली अक्षरे आपोआप उठून दिसतात. ही शेवटची गोष्ट मुद्दाम साधली होती की योगायोगाने जमली, ते आता सांगता येणार नाही. परंतु माझ्या व्यवसायात अशा परिणामासाठी बरीच खटपट करावी लागते. इमारतीची दुर्दशा झाली, ती निगा न राखल्यामुळे. सभागृहात पाणीपुरवठा विभागाचे पाईप ठेवले गेले, छपराची गळती वर्षानुवर्षे काढली नाही, आणि दरवाजाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात शाळेच्या सहली परत गेल्या. या दुर्लक्षावरचा इलाज म्हणून आता जे योजले आहे, ते मला दुर्लक्षापेक्षाही जास्त नुकसानीचे वाटते. गळके छप्पर दुरुस्त करता येते. पाडलेले कसे दुरुस्त करणार?

आराखड्यानुसार उतरते छप्पर काढून सपाट स्लॅब टाकायचा आहे आणि दर्शनी भागाला एसीपी शीटचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या पत्र्यांचे, आवरण द्यायचे आहे. आवारात पेव्हर ब्लॉक, मध्यभागी फायबरचे पुतळे, एका बाजूला संगीत कारंजे, दुसऱ्या बाजूला सेल्फी पॉइंट, सभागृहात एलईडी वॉल, आणि सर्व बाजूंनी रंग बदलणारे दिवे, असे एकूण स्वरूप आहे. नावांची शिळा ‘स्थलांतरित’ करून मागच्या बाजूला, विद्युत पॅनेलच्या खोलीशेजारी बसवायची आहे. जाता जाता एक गोष्ट नोंदवते. आराखड्याच्या एका पानावर शीर्षकात दुसऱ्याच एका गावाचे नाव राहून गेले आहे. सल्लागाराने हा आराखडा आमच्या गावासाठी काढला होता का, असा प्रश्न सभेत कोणीही विचारलेला इतिवृत्तात दिसत नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार शिळेविषयी आहे. स्मारकातील बाकीचे सारे काही बदलता येईल. नावे मात्र स्मारकाचा गाभा आहेत. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाचे उदाहरण देते. 1982 साली ते खुले झाले. त्याची रचना करणारी माया लिन त्या वेळी वास्तुकला शिकून नुकतीच बाहेर पडली होती; स्पर्धा जिंकली तेव्हा ती 21 वर्षांची विद्यार्थिनीच होती. तिने पुतळा उभारला नाही आणि मनोराही नाही. जमिनीत उतरत जाणाऱ्या दोन काळ्या ग्रॅनाइटच्या भिंती आणि त्यांवर मृत व बेपत्ता सैनिकांची नावे, आज 58 हजारांहून अधिक. ही नावे हुद्द्याप्रमाणे किंवा वर्णानुक्रमे लावलेली नाहीत. ज्या दिवशी जो पडला, त्या क्रमाने आहेत, म्हणजे जे एकत्र मेले त्यांची नावे शेजारी शेजारी आहेत. दगडाला इतकी झिलई आहे की नाव वाचणाऱ्याला स्वतःचा चेहरा त्या नावामागे दिसतो. त्या रचनेला त्या काळी कडाडून विरोध झाला, आणि विरोधकांच्या समाधानासाठी दोन वर्षांनी तीन सैनिकांचा पुतळाही बसवला गेला. परंतु तो भिंतीपासून बाजूला, थोड्या अंतरावर. पुतळ्यासाठी नावे हलवावीत, हे तिथल्या विरोधकांनाही सुचले नव्हते.

आपल्या आराखड्यात नेमके तेच होत आहे. त्याहून वाईट असे की, समोरच्या दर्शनी भिंतीवर लोकार्पणाची जी कोनशिला प्रस्तावित आहे, तिच्यावरील मान्यवरांच्या नावांचा आकार हुतात्म्यांच्या नावांच्या जवळजवळ दुप्पट आहे. नव्या फलकासाठी आराखड्यासोबत जोडलेली हुतात्म्यांची यादीही अपुरी आहे. जुन्या शिळेच्या शेवटच्या ओळीत ‘आणि एक अज्ञात’ असे कोरलेले आहे. नव्या यादीत ती ओळ नाही. ज्याचे नाव कोणालाच कळले नाही आणि तरी ज्याला या गावाने आपल्या माणसांत मोजले, त्याला एका संगणकाच्या यादीतून वगळण्याचा अधिकार कोणाला आहे, हे मला समितीने सांगावे.

दुसरी तक्रार प्रकाशाविषयी आहे आणि येथे मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण अंदाजपत्रकातील मोठा हिस्सा विद्युत कामांचा आहे आणि तरीही संपूर्ण कागदपत्रांत प्रकाशाचा विचार कुठेच केलेला नाही; फक्त दिव्यांची संख्या आणि वॅट दिलेले आहेत.

प्रकाशाने काय साधता येते, हे शिकायला मराठवाड्यातील माणसाला दूर जावे लागत नाही. अजिंठ्याच्या 19 क्रमांकाच्या चैत्यगृहात दारावरच्या नालाकृती गवाक्षातून उजेड आत येतो आणि अंधाऱ्या खांबांच्या रांगांमधून थेट स्तूपावर, त्यावर कोरलेल्या बुद्धमूर्तीवर पोचतो. कारागिरांनी डोंगर कोरताना बाजू अंधारात ठेवल्या, म्हणून मधले दिसते. सगळीकडे सारखाच उजेड पाडला असता तर तिथे पाहण्यासारखे काय उरले असते? आपल्या आराखड्यात शिळा, पुतळे, कारंजे, प्रवेशद्वार, झाडांची खोडे आणि स्वच्छतागृहाची भिंत या सर्वांवर सारख्याच तीव्रतेचे, रंग बदलणारे दिवे आहेत. त्यातले बरेचसे जमिनीत पुरलेले आणि वरच्या दिशेला रोखलेले आहेत. संध्याकाळी स्मारकाजवळ उभे राहणाऱ्याच्या डोळ्यांत तो झोत जाईल आणि त्याला नावे दिसणार नाहीत, चकाकी दिसेल. कोरीव अक्षरे वाचायची तर प्रकाश एका बाजूने, दगडाला घासून जाईल असा तिरपा लागतो. समोरून टाकलेल्या झोतात कोरलेपण सपाट होऊन जाते. शिवाय निळसर-पांढऱ्या प्रखर दिव्यांवर पावसाळ्यात किड्यांचा थर साचतो, हे सांगायला तज्ज्ञाचीही गरज नाही.

रंग बदलण्याविषयी माझा आक्षेप केवळ अभिरुचीचा नाही. दर काही सेकंदांनी जांभळा, हिरवा, गुलाबी होणारा दगड मंगल कार्यालयाच्या कमानीवर शोभेल. राष्ट्रीय सणांना तीन रंगांचे दिवे लावायचे असतील तर माझी हरकत नाही, ते त्या दिवसापुरते लावावेत. वर्षाचे उरलेले दिवस स्थिर, उबदार पांढरा, साधारण 2700 ते 3000 केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप), कमी तीव्रतेचा प्रकाश पुरेसा आहे. त्यासाठी लागणारे दिवे प्रस्तावित दिव्यांच्या चौथाईहून अधिक नसतील, आणि विजेचे बिलही त्याच प्रमाणात उतरेल.

आतल्या दालनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. गावातील काही कुटुंबांनी स्मारकासाठी वस्तू दिल्या आहेत: खादीचा सदरा, तुरुंगातून आलेली पत्रे, संस्थानी पोलिसांचे उर्दूतील वॉरंट, काही छायाचित्रे. आमच्या घरातूनही एक पत्र दिले आहे. आराखड्यात हे सर्व काचेच्या कपाटांत, आतून एलईडी पट्ट्या लावून, पश्चिमेच्या मोठ्या खिडकीसमोर मांडायचे ठरले आहे. कागद, कापड, शाई आणि छायाचित्रे यांच्यासाठी संग्रहालयांत प्रकाशाची मर्यादा साधारण 50 लक्स (उजेड मोजण्याचे एकक) मानली जाते. दुपारी खिडकीजवळचा उजेड याच्या कित्येक पटींनी जास्त असतो. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि ती उलटवता येत नाही. फिकट झालेली शाई दिवा बंद केल्यावर परत येत नाही. त्यात बंद कपाटातील पट्ट्यांची उष्णता आणि आपल्याकडचा एप्रिल-मे. काही उन्हाळ्यांत त्या पत्रांचे कोरे कागद होतील. ज्या कुटुंबांनी सत्तर वर्षे ट्रंकेत जपलेली वस्तू विश्वासाने दिली, त्यांना हे कोणी सांगितले आहे का?

तिसरी तक्रार, जे सांगितले जाणार आहे त्याबद्दल. सभागृहाच्या भिंतीवर जे म्युरल प्रस्तावित आहे, त्याच्या रेखाटनात एका बाजूला फेटेवाले वीर आणि दुसऱ्या बाजूला एकसारख्या टोप्या आणि दाढ्या असलेली माणसे आहेत. स्त्रिया आहेत, त्या आरतीचे तबक घेऊन. मराठवाडा ज्यात होता त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानातील लढा असा नव्हता. 1938 साली स्टेट काँग्रेस स्थापन होताच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् चळवळ केली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लढा राजकीय हक्कांचा म्हणून चालवला. 7 ऑगस्ट 1947 रोजी भारतात विलीन होण्याची मागणी करणारा दिवस संस्थानभर पाळला गेला. पुढे संस्थानाचा महसूल बुडावा म्हणून शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरी (जकात) नाक्यांवर हल्ले, सरहद्दीवरचे कॅम्प, 1948 च्या जानेवारीतील उमरीच्या बँकेवरील धाड अशा अनेक टप्प्यांनी तो गेला आणि 13 ते 17 सप्टेंबर 1948 या काळातील भारतीय सैन्याच्या कारवाईने संपला. यांत दगडाबाई शेळके यांच्यासारख्या हातात शस्त्र घेतलेल्या स्त्रिया होत्या. भाकरी आणि निरोप पोचवणाऱ्या असंख्य बायका होत्या, ज्यांचे नाव कुठल्याच शिळेवर नाही. रझाकारांच्या विरोधात लिहिले म्हणून ज्यांची ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत हत्या झाली, ते ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान होते. रझाकार ही कासिम रझवीच्या नेतृत्वाखालची एक सशस्त्र संघटना होती आणि तिने या भागात जे केले, ते माझ्या घराने भोगले आहे. म्हणूनच तिची गल्लत एका अख्ख्या समाजाशी झालेली मला चालणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला अवघड आहे आणि जिच्याविषयी आपल्या आराखड्यात अर्थातच शब्द नाही. सैन्याच्या कारवाईनंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यातील आणि आसपासच्या जिल्ह्यांतील गावोगावी मुसलमानांवर सूड उगवला गेला. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने 1948 च्या अखेरीस या भागाचा दौरा केला आणि एकूण बळींची संख्या किमान 27 हजार ते 40 हजार असावी, असा अंदाज दिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. हुतात्म्यांच्या स्मारकात हा विषय कशाला, असे विचारले जाईल. माझ्या आजीच्या भावाच्या मृत्यूचे मोल त्याने तिळभरही कमी होत नाही, असे मी त्याच्या घरातील माणूस म्हणून सांगते. प्रदर्शनात 17 सप्टेंबरनंतरच्या महिन्यांसाठी एक फलक, संयमित भाषेत, असायला हवा.

स्मारकाच्या नावाखाली साक्ष कशी पुसली जाते, याचे आपल्या देशातील ताजे उदाहरण अमृतसरच्या जालियनवाला बागेचे आहे. 13 एप्रिल 1919 रोजी डायरने आपली चिलखती वाहने बाहेर ठेवली, कारण आत जाण्याची बोळ इतकी अरुंद होती की ती त्यातून जाईनात. त्याच बोळीतून सैनिक आत गेले, वाट अडवून उभे राहिले आणि 1650 फैरी झाडल्या. काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधीजींबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकरही होते, आणि त्या समितीने जमवलेल्या साक्षी वाचल्या तर ती बोळ किती महत्त्वाची आहे, हे कळते. बागेत बेंजामिन पोक यांच्या रचनेचे स्मारक 1961 साली झाले, तेव्हाही ती बोळ उघडी, ओबडधोबड राहिली होती. पाहुणा तीतून जाताना त्याच्या खांद्यांना भिंती जाणवत आणि पुढचे काही सांगावे लागत नसे. 2021 च्या नूतनीकरणात बोळीच्या भिंतींवर माणसांची शिल्पे बसवण्यात आली, शहीदी विहिरीला काचेचे आवरण आले, आवारात दृक्‌श्राव्य कार्यक्रम आला. देशातील आणि बाहेरच्या इतिहासकारांनी त्यावर टीका केली. शिल्पे वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. पण ती जिथे लावली, तिथे मूळ भिंत हाच पुरावा होता, आणि त्या भिंतीपेक्षा बोलके शिल्प कोणालाही करता आले नसते.

आपल्याकडे तशी बोळ नाही; आपल्याकडे शिळा आहे, ती आहे त्या जागी राहू द्यावी.

साधेपणाने काय करता येते, याचे उदाहरणही देशातच आहे. अहमदाबादला साबरमती आश्रमात चार्ल्स कोरिया यांनी 1963 साली गांधीजींच्या संग्रहालयाची इमारत बांधली. विटांचे खांब, कौलारू छपरे, दगडी फरशी, खिडक्यांना काचेऐवजी लाकडी झडपा, मध्ये पाण्याचा चौक. चौरस दालने एकाला एक जोडत नेली आहेत, काही बंद, काही उघडी. उजेड छपराच्या कडेखालून आणि झडपांतून गाळून येतो, वारा खेळता राहतो. गांधीजींच्या झोपडीशेजारी मिरवणारी इमारत शोभणार नाही, हे त्या वास्तुविशारदाला कळले होते. आपल्या स्मारकाचे आजचे उतरते छप्पर आणि ओसरी त्याच जातकुळीतली आहे. छपराची गळती काढून, कौले आणि वासे दुरुस्त करून, पश्चिमेच्या खिडकीला झडपा लावून जे मिळेल, ते एसीपी शीटच्या खोक्यात मिळणार नाही. ती शीट उन्हाने तापेल, दोन-तीन पावसाळ्यांत तिचे सांधे काळे पडतील, आणि मग कोणीतरी पुन्हा सुशोभीकरणाचा ठराव आणील.

संगीत कारंज्याविषयी थोडक्यातच लिहिते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे या सभागृहातील प्रत्येकाला आठवत असेल. आपल्या गावात उन्हाळ्यात नळाला किती दिवसांआड पाणी येते, ते आपण मला सांगण्याची गरज नाही. हुतात्म्यांच्या आवारात कोरडे, गंजलेले कारंजे पाहण्याची वेळ येऊ नये.

देखभालीबद्दलही तेवढेच. अंदाजपत्रकात एलईडी वॉलची खरेदी आहे, देखभालीचा करार नाही. दालन आहे, राखणदाराचे पद नाही. मजकुराचे फलक आहेत, मजकूर कोण लिहिणार आणि तो कोण तपासणार याची तरतूद नाही. आजची दुर्दशा ज्या कारणांनी झाली, ती सर्व कारणे नव्या आराखड्यात जशीच्या तशी शिल्लक आहेत.

समिती म्हणेल की तरुणांना आकर्षित करायचे तर झगमगाट लागतो, सेल्फी पॉइंट लागतो. मी प्रदर्शने उभी करते, तिथे तरुण मुलांना तासन्‌तास उभे राहिलेले पाहते, आणि माझा अनुभव निराळा आहे. मुलांना खरी वस्तू थांबवते. उर्दूतील मूळ वॉरंट, शेजारी त्याचे देवनागरीत लिप्यंतर, खाली मराठी अर्थ, आणि ज्याच्या नावाने ते निघाले त्याचे घर गावात कुठे होते हे दाखवणारा साधा नकाशा, एवढे मांडले तर नववीतला मुलगा आपल्या गल्लीचे नाव शोधू लागतो. एलईडी वॉलवरची चित्रफीत तो घरी मोबाइलवर याहून चांगली पाहतो. छायाचित्र काढायलाही कोणाची ना नाही. लोक जिथे मनापासून थांबतात तिथे ते छायाचित्र काढतातच, त्यासाठी हृदयाच्या आकाराची चौकट उभारावी लागत नाही. (आराखड्यात ती खरोखरच आहे, पान सातवर.)

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

कार्यारंभ आदेश दिला नसेल तर तो थांबवावा, दिला असेल तर पाडकामाला तत्काळ स्थगिती द्यावी. नावांची शिळा आहे त्या जागेवरून हलवू नये, तिच्यावरील एकही ओळ, शेवटची ओळ धरून, वगळू नये, आणि लोकार्पणाच्या किंवा अन्य कोणत्याही कोनशिलेतील अक्षर हुतात्म्यांच्या नावांपेक्षा मोठे असू नये.

आराखडा आणि अंदाजपत्रक नगर परिषदेच्या कार्यालयात व स्मारकाच्या ओसरीत किमान 30 दिवस लोकांना पाहण्यासाठी लावावे, हरकती व सूचना लेखी घ्याव्यात, आणि त्यानंतर हा विषय सभेपुढे नियमित कार्यक्रमपत्रिकेत आणावा. ऐनवेळचा म्हणून नव्हे.

समितीत हुतात्म्यांच्या कुटुंबांचे प्रतिनिधी, इतिहासाचा अभ्यासक, उर्दू कागदपत्रे वाचू शकणारी व्यक्ती आणि जुन्या इमारतींच्या जतनाचा अनुभव असलेला वास्तुविशारद यांचा समावेश व्हावा. प्रदर्शनातील प्रत्येक मजकूर आणि चित्र या समितीने लेखी मान्य केल्याशिवाय भिंतीवर जाऊ नये. म्युरलचे सध्याचे रेखाटन रद्द करावे.

मूळ कागदपत्रे आणि कापड उजेडात मांडू नयेत. त्यांच्या चांगल्या प्रती प्रदर्शनात ठेवाव्यात, मूळ वस्तू आम्लविरहित कागदात आणि बंद पेटीत, कोरड्या खोलीत ठेवून त्यांची नोंदवही करावी, आणि वर्षातून मोजके दिवस, कमी उजेडात, त्या लोकांना दाखवाव्यात. ज्यांनी वस्तू दिल्या त्यांना रीतसर पोच द्यावी. आमच्यासह कोणालाही ती आजवर मिळालेली नाही.

बाहेरची प्रकाशयोजना स्थिर, उबदार पांढऱ्या प्रकाशाची करावी, वरच्या दिशेला रोखलेले झोत काढून टाकावेत, शिळेसाठी बाजूने येणारा एकच सौम्य दिवा असावा आणि रात्री दहानंतर राखणदारीपुरते दिवे सोडून बाकीचे बंद करावेत. कारंजे आणि एलईडी वॉल वगळावी, आणि त्यातून वाचलेली रक्कम छपराच्या दुरुस्तीसाठी, राखणदाराच्या पगारासाठी आणि पुढील दहा वर्षांच्या देखभालीसाठी वेगळी राखून ठेवावी.

येत्या 17 सप्टेंबरला लोकार्पण झाले नाही तरी चालेल. त्या दिवशी स्मारक झाडून-पुसून उघडे ठेवावे, पाईप बाहेर काढावेत आणि शिळेवरील सर्व नावे मोठ्याने वाचावीत. दरवर्षीच्या भाषणांच्या गर्दीत तेवढे राहून जाते.

शिळेवर आणि दालनात प्रकाश कसा असावा, याचा एक प्राथमिक आराखडा मी स्वखर्चाने करून या पत्रासोबत जोडला आहे. त्याचे मानधन मला नको, आणि त्यावर माझे नाव घालण्याचीही गरज नाही. समितीने बोलावले तर मी कोणत्याही दिवशी येऊन तो समजावून सांगेन. जोडलेला आराखडाच स्वीकारावा असा माझा आग्रह नाही; याहून चांगला कोणी दिला तर आनंदच आहे.

हे पत्र मी नगर परिषदेच्या आवक विभागात देऊन त्याची पोच घेतली आहे. पाडकामाला स्थगिती दिली की नाही, एवढे तरी पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे, ही विनंती. उत्तर आले नाही तर हुतात्म्यांची कुटुंबे मिळून जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन देतील, आणि त्याची प्रत आपल्यालाही पाठवली जाईल.

आपली विश्वासू,
शिळेवरील एका हुतात्म्याची नात
आणि या गावची रहिवासी